वीस हजार व्याख्यानांना कुलूप का लागले?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले संकुलाने १ मार्च २०१७ रोजी एक निर्णय जाहीर केला आणि जगभरच्या स्वयंअध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये खळबळ उडाली. वर्गात चित्रित झालेली आणि यूट्यूब व आयट्यून्स यू या दोन ठिकाणी कोणालाही विनामूल्य उपलब्ध असलेली वीस हजारांहून अधिक दृक्-श्राव्य व्याख्याने १५ मार्चपासून टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाणार होती. ती नष्ट होणार नव्हती. विद्यापीठाच्या स्वतःच्या यंत्रणेत, विद्यार्थी व कर्मचाऱ्यांच्या पासवर्डआड ती राहणार होती. दारावर फक्त कुलूप लागणार होते. परंतु ज्याच्याकडे किल्ली नाही त्याच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नव्हता.

या निर्णयामागचे कारण अनेकांना चक्रावून टाकणारे होते. चित्रफितींचा दर्जा हा तेथे वादाचा मुद्दा नव्हता आणि त्यांवर कोणी बंदीही मागितलेली नव्हती. कर्णबधिरांना त्या समजत नाहीत, एवढीच तक्रार होती. ती खरी होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून विद्यापीठाने त्या सर्वांसाठीच बंद केल्या.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाकडे शैक्षणिक चित्रफितींचा साठा झाला आहे. तो कोठे ठेवायचा, कोणाला दाखवायचा, त्याची देखभाल कोणी करायची आणि तो कधी काढायचा, हे प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी चित्रीकरणानंतर विचारले जातात. उशिरा विचारलेल्या या प्रश्नांची किंमत काय असते, हे बर्कलेच्या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

दातृत्व आणि देखभाल

बर्कलेने वर्गातील व्याख्याने इंटरनेटवर देण्याचे प्रयोग इतरांच्या बरेच आधी सुरू केले. ‘वेबकास्ट’ या नावाने चालणाऱ्या या उपक्रमाने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये संपूर्ण अभ्यासक्रम यूट्यूबवर ठेवले, तेव्हा असे करणारे ते पहिलेच विद्यापीठ असल्याचे सांगण्यात आले होते. वर्गात कॅमेरा, प्राध्यापकाच्या कोटाला ध्वनिग्राहक, तास संपला की फीत आपोआप चढवली जाणार, अशी ही व्यवस्था होती. एका तासाचा खर्च अत्यल्प असल्याने साठा झपाट्याने वाढला. २०१५ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे नव्या वर्गांच्या फिती जनतेसाठी खुल्या करणे विद्यापीठाने थांबविले. जुन्या मात्र जागच्या जागी राहिल्या.

दरम्यान वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातील दोन कर्मचाऱ्यांच्या वतीने, ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ या संघटनेच्या पाठबळाने, अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार गेली होती. खात्याने ३० ऑगस्ट २०१६ च्या पत्रात आपले निष्कर्ष कळविले. अनेक चित्रफितींना सबटायटल्स नाहीत. काहींना आहेत, पण ती यंत्राने आपोआप तयार केलेली आणि चुकांनी भरलेली आहेत. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरील आकृत्यांचे तोंडी वर्णन नाही. सोबतच्या कागदपत्रांचा साचा स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, असे त्यात म्हटले होते. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार सार्वजनिक विद्यापीठाला असा भेद करता येत नाही. तडजोड न झाल्यास न्यायालयात जाण्याचा इशाराही खात्याने दिला.

त्यानंतर सहा महिन्यांनी कुलपाची घोषणा झाली. विद्यापीठाने त्यासाठी तीन कारणे दिली. न्याय खात्याला अपेक्षित असलेला दर्जा गाठणे अतिशय खर्चिक आहे, हे एक. पैसा जुन्या साठ्यावर घालवण्याऐवजी नव्या, सुगम सामग्रीवर खर्च करणे अधिक योग्य, हे दुसरे. तिसरे कारण थोडे अवांतर होते: प्राध्यापकांच्या व्याख्यानांची परवानगीविना नक्कल करून कमाई करणाऱ्यांना आळा बसेल. दहा वर्षे अभिमानाने खुली ठेवलेली सामग्री अचानक चोरांपासून वाचवण्याची गरज का भासली, याचा खुलासा त्या निवेदनात नव्हता.

खर्चाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाने ऐकून, तपासून लिहिलेल्या सबटायटल्सचा दर अमेरिकेत मिनिटाला साधारण एक डॉलरपासून सुरू होतो आणि विषय तांत्रिक असेल तर वाढत जातो. प्रत्येक व्याख्यान सरासरी एका तासाचे मानले तर वीस हजार व्याख्यानांची बारा लाख मिनिटे होतात. मिनिटाला दोन डॉलर हा दर धरला तरी हिशेब चोवीस लाख डॉलरवर जातो. फळ्यावर लिहिलेल्या समीकरणांचे वर्णन ध्वनिमुद्रित करण्याचा खर्च यात धरलेला नाही. अर्थसंकल्प तुटीत असलेल्या सार्वजनिक विद्यापीठाला ही रक्कम जड वाटली असेल तर त्यात नवल नाही.

परंतु हा हिशेब दहा वर्षांचे देणे एकाच दिवशी मागितल्याचा आहे, हे विसरता येत नाही. प्रत्येक सत्राच्या फिती त्या त्या सत्रातच लिहून घेतल्या असत्या तर हीच रक्कम वर्षावर्षाला विभागली गेली असती. शिवाय आपल्याला किती अभ्यासक्रमांचे प्रक्षेपण परवडते, याचाही निर्णय वेळीच झाला असता. चित्रीकरणाला निधी होता, चढवायला यंत्रणा होती, जपायला मात्र कोणत्याही खात्यात एक ओळही नव्हती. कर्णबधिरांनी तक्रार केली म्हणून जगाचे शिक्षण बुडाले, अशी मांडणी त्या काळात बरीच झाली. ती अन्यायकारक होती. संघटनेची मागणी सबटायटल्सची होती, चित्रफिती काढण्याची नव्हती. ज्यांना त्या फिती कधीच कळल्या नाहीत, त्यांच्यासाठी तर त्या पहिल्या दिवसापासूनच कुलूपबंद होत्या.

यंत्राने तयार केलेल्या मजकुरावर भागवता आले नसते का, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. भाषण ओळखणाऱ्या प्रणाली तेव्हापासून पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही व्याख्यानातील चुका कोठे होतात, हे पाहिले पाहिजे. ‘आणि’, ‘परंतु’ हे शब्द यंत्र बिनचूक टिपते. रसायनाचे नाव, शास्त्रज्ञाचे आडनाव, समीकरणातील चिन्ह यांवर ते अडखळते. इंग्रजीत होकार आणि नकार यांतील फरक अनेकदा शब्दाच्या शेवटच्या अर्ध्या अक्षरात असतो, आणि ते अक्षर निसटले की विधान उलटे होते. ऐकू येणारा विद्यार्थी कानाने चूक दुरुस्त करून घेतो. ज्याच्यापुढे केवळ तो मजकूरच आहे त्याला चूक झाल्याचे कळण्याचाही मार्ग नसतो. यंत्राचा मसुदा घ्यावा आणि विषय जाणणाऱ्या माणसाने तो तपासावा, हीच पद्धत आज व्यवहार्य ठरते. पण त्या माणसाच्या वेळेचे मोल द्यावे लागते.

हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) यांच्यावरही याच संघटनेने २०१५ मध्ये दावे दाखल केले होते. त्यांची तडजोड अनुक्रमे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये व २०२० च्या फेब्रुवारीत झाली. नव्या चित्रफितींना सबटायटल्स द्यायचीच. जुन्यांपैकी जिची मागणी येईल तिला ठरावीक मुदतीत द्यायची, असा मध्यममार्ग त्यांतून निघाला. बर्कलेला हाच मार्ग २०१७ मध्ये का सुचला नाही, हे कोडेच आहे. हार्वर्ड व एमआयटी यांची आर्थिक ताकद वेगळी, हे मान्य केले तरी मागणीनुसार काम करण्याचे तत्त्व श्रीमंतांपुरते नाही. अखेर न्याय खात्याने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बर्कलेविरुद्ध दावा आणि त्यासोबतच उभयपक्षी मान्य झालेला हुकूमनामा न्यायालयात सादर केला. सुगमतेसाठी स्वतंत्र समन्वयक, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नियमित चाचणी आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी अशा अटी त्यात असून मुदत साडेतीन वर्षांची ठेवण्यात आली. कुलूप लावून प्रश्न सुटला नव्हता, हे त्यातून उघड झाले.

फीत कोणाची?

बर्कलेच्या घोषणेनंतर काही दिवसांतच ‘एलबीआरवाय’ या अमेरिकी कंपनीने वीस हजार व्याख्यानांची प्रत उतरवून घेतल्याचे जाहीर केले. बहुतेक फितींवर विद्यापीठानेच अव्यापारी पुनर्वितरणास मुभा देणारा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना लावलेला असल्याने असे करणे वैध आहे, हा तिचा दावा होता. एकदा दिलेला असा परवाना परत घेता येत नसल्याने विद्यापीठाच्या कुलपाला अर्थ उरला नाही, असे अनेकांना तेव्हा वाटले. पुढे याच कंपनीवर अमेरिकेच्या रोखे नियामकाने नोंदणीविना डिजिटल नाणी विकल्याचा खटला भरला, २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि २०२३ मध्ये तिने गाशा गुंडाळला. बुडत्या जहाजातून माल वाचवणारी नौकाच सहा वर्षांत किनाऱ्याला लागली, असा हा प्रकार. ‘इंटरनेटवर एकदा आले की कायमचे राहते’ या समजुतीवर विसंबणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

साठा ज्याच्या हाती, त्याचा निर्णय अंतिम, याची आणखीही उदाहरणे आहेत. भारतातील अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली प्रा. वॉल्टर लेविन यांची भौतिकशास्त्राची व्याख्याने एमआयटीने २०१४ च्या डिसेंबरमध्ये आपल्या मंचांवरून काढली. ऑनलाइन अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत तथ्य आढळल्याने संस्थेने ही कारवाई केली होती. कारवाईमागची भूमिका समजण्याजोगी आहे; परंतु व्याख्यान आणि व्याख्याता यांना वेगळे मानायचे की नाही, याचा नियम आधी लिहिलेला नव्हता. कॅनडातील कॉन्कॉर्डिया विद्यापीठात याच्या उलट घडले. कलेतिहासाचे अभ्यासक फ्रान्स्वा-मार्क गान्यों यांचे २०१९ मध्ये निधन झाले. त्यांच्या चित्रित व्याख्यानांवर आधारलेला अभ्यासक्रम त्यानंतरही चालू होता. आपले शिक्षक हयात नाहीत, हे एका विद्यार्थ्याला २०२१ च्या जानेवारीत इंटरनेटवर शोध घेताना कळले. त्यांना प्रश्न विचारण्यासाठी तो ईमेलचा पत्ता शोधत होता.

विद्यापीठांसाठी खास तयार केलेल्या कॅल्चुरा, पॅनॉप्टो यांसारख्या प्रणालींमध्ये प्रत्येक चित्रफितीच्या नोंदीत एक ‘मालक’ असतो. वर्गापुरती, संस्थेपुरती, दुवा असणाऱ्यांपुरती की सर्वांसाठी, ही परवानगी तो मालक ठरवतो. फीत अभ्यासक्रमाच्या पानावर जोडली जाते आणि तोच दुवा सत्रामागून सत्र पुढे चालविला जातो. हा मालक निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला, त्याचे खाते बंद झाले, की फीत अनाथ होते. ती दिसत राहते, पण तीत दुरुस्ती करण्याची किंवा सबटायटल्स जोडण्याची जबाबदारी घेणारे सहसा कोणी उरत नाही. म्हणून जाणत्या संस्था मालकी व्यक्तीच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर ठेवतात, आणि बराच काळ कोणी न पाहिलेल्या फिती शिक्षकाला पूर्वसूचना देऊन काढतात. दिसायला हे कारकुनी काम आहे. पण ते झाले नाही की एखाद्या दिवशी कुलूप लावण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

फुकटच्या जागेचे दिवस

महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांकडे अशा प्रणाली नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा प्राध्यापकांनी हाताशी होते ते वापरले: स्वतःचा मोबाइल, स्वतःची यूट्यूब वाहिनी, महाविद्यालयाला विनाशुल्क मिळालेले गुगल ड्राइव्ह. त्या धांदलीत हे योग्यच होते, आणि अनेकांनी स्वखर्चाने तिपाई व माइक घेऊन शिकवले, याची नोंद केलीच पाहिजे. त्या फितींचे पुढे काय होणार, याचा विचार करायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

सवड गुगलला मिळाली. शैक्षणिक संस्थांना अमर्याद जागा देण्याचे धोरण बदलून प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइट देण्याची घोषणा तिने २०२१ च्या फेब्रुवारीत केली आणि विद्यमान ग्राहकांसाठी ती २०२२ च्या जुलैपासून लागू झाली. मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला ही जागा पुष्कळ आहे. तासन्‌तासांची मुद्रणे साठविलेल्या मोठ्या विद्यापीठाला ती अपुरी पडते. २०२१ च्या जुलैमध्ये यूट्यूबनेही एक बदल केला. १ जानेवारी २०१७ पूर्वी चढवलेल्या आणि ‘अनलिस्टेड’ ठेवलेल्या, म्हणजे केवळ दुवा असणाऱ्यालाच दिसणाऱ्या फिती सुरक्षेच्या कारणास्तव आपोआप खासगी करण्यात आल्या. ज्यांनी वेळेत वेगळी निवड कळवली नाही, त्यांचे जुने दुवे बंद पडले. शिक्षकांमध्ये ‘अनलिस्टेड’ हाच पर्याय लोकप्रिय होता, कारण वर्गाबाहेर कोणी पाहावे असे त्यांना वाटत नव्हते. या दोन्ही कंपन्यांनी (खरे तर त्या एकच) पूर्वसूचना दिली होती. पण ती वाचण्याचे काम महाविद्यालयात कोणाकडे होते?

भारताला चित्रित शिक्षणाचा अनुभव नाही, असे मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १९८४ पासून दूरदर्शनवर दिसू लागले आणि पुणे विद्यापीठासह देशभरच्या माध्यम केंद्रांनी त्यासाठी कार्यक्रम केले. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाचे काम २००३ मध्ये सुरू झाले. त्याच्या व्याख्यानांचे लिखित रूप आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवादही उपलब्ध झाले आहेत.

मात्र या संदर्भात सर्वाधिक शिकण्यासारखे आहे ते आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात संगणकीय प्रणाली शिकवणारी सुमारे दहा मिनिटांची फीत करण्याआधी तिची संहिता लिहिली जाते, ती तपासली जाते आणि मगच ध्वनिमुद्रण होते. संहिता आधीच तयार असल्याने तिच्या आधारे मराठी किंवा अन्य भाषेत आवाज देणे सोपे जाते. पडद्यावरचे चित्र तेच राहते. मूळ हेतू इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याचा होता. पण ज्या कामासाठी बर्कलेला मिनिटाला डॉलर मोजावे लागले असते, ते काम येथे पहिल्याच पायरीवर होऊन जाते. वर्गातील जिवंत तासाला ही पद्धत लागू पडणार नाही, हे खरे. प्राध्यापक संहिता वाचू लागला तर विद्यार्थी झोपतील. परंतु वर्षानुवर्षे दाखवल्या जाणाऱ्या पायाभूत पाठांसाठी ती अडचणीची नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा भारतात एप्रिल २०१७ पासून, म्हणजे बर्कलेच्या घोषणेनंतर अवघ्या काही आठवड्यांनी अमलात आला. त्याच्या ४२ व्या कलमात दृक्-श्राव्य सामग्री सुगम स्वरूपात असावी, सबटायटल्स, सांकेतिक भाषा व श्राव्य वर्णन यांची सोय व्हावी, अशी जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगमतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तयार करण्यास केंद्राला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. ते प्रकरण बँकेच्या ग्राहक-ओळख प्रक्रियेचे होते. तोच युक्तिवाद उद्या विद्यापीठाच्या चित्रफितीला लावला गेला, तर उत्तर देणे सोपे जाणार नाही.

कायद्याने एक वाटही मोकळी ठेवली आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, अपंग व्यक्तीसाठी कोणतीही कलाकृती सुगम स्वरूपात आणण्यास, नफ्याचा हेतू नसल्यास, मालकाची परवानगी लागत नाही. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या व्याख्यानाला सबटायटल्स लिहिण्याचे काम महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थीही घेऊ शकतात. त्यासाठी कोट्यवधींची तरतूद व्हावी लागत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. लिहिलेला मजकूर फितीला जोडायला खात्यात प्रवेश लागतो, आणि फीत त्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक वाहिनीवर असते. राज्यातील महाविद्यालयांमध्ये निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला ग्रंथालयाची पुस्तके आणि प्रयोगशाळेचे साहित्य परत केल्याचे ‘ना-देय’ प्रमाणपत्र सादर करावे लागते. टाळेबंदीत केलेल्या व्याख्यानांचा उल्लेख त्या अर्जाच्या रकान्यांत सहसा नसतो.